कातडीखाली होकायंत्र बसवायचं का? आमच्या मामांची केस

मामा पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं शेड होतं आणि शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, करून द्यायचे, तीसेक वर्षं तेच काम. काचबिंदू कधी सुरू झाला ते कुणालाच कळलं नाही. काचबिंदूत तसंच होतं, आधी कडेकडेचं दिसायचं कमी होतं आणि समोरचं नीट दिसत असतं म्हणून माणसाला वाटतं आपलं बरं चाललंय, आणि गेलेली नजर परत येत नाही, औषधानं फक्त राहिलेली सांभाळायची. त्यात शुगर. आता वय ६१, उजेड आणि अंधार एवढंच समजतं. मी त्यांचा भाचा, शाहूपुरीत कंट्रोल पॅनेल आणि ड्राइव्ह रिपेअरचं काम करतो. डॉक्टर नाही. तरी ही केस सविस्तर लिहितोय कारण हाच प्रश्न अजून घराघरांत येणार, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पोचलेत.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. "भाच्या, छातीवर होकायंत्र बसवत्यात म्हणं, उत्तरेला तोंड केलं की थरथरतंय. आपल्याला मिळंल काय?" नातवानं कुठलातरी व्हिडिओ ऐकवला होता. मी आधी थोडं टाळलंच, बघतो म्हटलं. दोन दिवसांनी शिवाजी पेठेत घरी गेलो तेव्हा मामींनी खरी गोष्ट सांगितली.

मामा रोज सकाळी काठी घेऊन गांधी मैदानावर फिरायला जायचे. काठीचं ट्रेनिंग घेतलेलं, गल्लीत त्यांना काही अडचण नाही, कारण भिंत आहे, कट्टा आहे, गटारीची कड आहे, पायाला आणि काठीला सतत काहीतरी लागत असतं. मैदानावर तसलं काहीच नाही. एके दिवशी मैदानाच्या मधोमध कुणीतरी ओळखीचं भेटलं, बोलायला थांबले, तो माणूस गेला आणि ह्यांना कळेना आपण कुठं तोंड करून उभे आहोत. कुणाला विचारायची लाज वाटली. सरळ चालायला लागले की परत कुठंतरी मैदानातच. पाऊण तासानं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर महिनाभर घराबाहेर पडले नाहीत.

मामा मला एवढंच म्हणाले, "काठी मला खड्डा सांगती रे. दिशा न्हाई सांगत."

ह्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने काम केलं. डोळस माणसाला वाटतं सरळ चालणं ही काय अवघड गोष्ट आहे. पण जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ह्यावर प्रयोग छापलाय, लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावलं, सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ठीक, तो झाकला की लोक गोल फिरून आपल्याच वाटेवर यायला लागले, आणि डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तर काही जण २० मीटरपेक्षाही लहान गोलात फिरत होते आणि त्यांना आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. म्हणजे मामांचं काही चुकलं नव्हतं. बाहेरून खूण मिळाली नाही तर कुणाचंही तसंच होतं, आणि हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मग ते व्हिडिओतलं प्रकरण नक्की काय आहे ते शोधलं. मामांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या, आणि मला वाटतं बहुतेकांच्या होतात.

पहिली गोष्ट बोटात घालायचं मॅग्नेट. अमेरिकेत २००५ च्या आसपास काही लोकांनी बोटाच्या टोकात कातडीखाली छोटं निओडिमियम मॅग्नेट बसवून घ्यायला सुरुवात केली. चालू मोटर, ट्रान्सफॉर्मर जवळ आला की बोटात गुदगुल्या होतात म्हणे. पण ह्यानं उत्तर कळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडं साधारण ४० मायक्रोटेस्ला, फ्रिजवर चिकटवायचं साधं मॅग्नेट त्याच्या शंभर पट तरी असतं. एवढ्या हलक्या ओढीनं बोटातलं मॅग्नेट जे काय वळेल ते नसांना जाणवण्याइतकं नसतं. शिवाय वरचं कोटिंग फुटलं की आत मॅग्नेट गंजतं, असं झालेलं आहे, आणि पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते बोट म्हणजे मोठाच घोटाळा. मामांचा कमरेचा एमआरआय आधी एकदा झालाय, परत लागणारच नाही असं कोण सांगणार.

दुसरी गोष्ट ते छातीवरचं यंत्र. लंडनच्या सायबॉर्ग नेस्ट नावाच्या कंपनीनं ते काढलं, नाव नॉर्थ सेन्स, त्यातले लिव्यू बाबित्झ यांनी स्वतःच्या छातीवर बसवून घेतलं होतं. हे खरं म्हणजे पूर्ण कातडीखाली जातच नाही. नाकात चमकी घालायला टोचतात तसं छातीच्या कातडीत टोचून त्यात दांड्या घालायच्या, त्या दांड्यांवर सिलिकॉनमध्ये बंद केलेलं छोटं यंत्र बसतं, आत होकायंत्राची चिप आणि बारकी मोटर, उत्तरेला तोंड झालं की थरथरतं. चार्जिंग करावं लागतं. कल्पना चांगली आहे, मला त्या लोकांबद्दल आदर आहे, त्यांनी स्वतःच्या अंगावर करून बघितलं. पण हे औषधोपचाराचं साधन म्हणून नव्हतं, हौसेनं नवीन जाणीव मिळवू पाहणाऱ्या धडधाकट लोकांसाठी होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात भारी. टोकियो विद्यापीठातल्या नोरिमोतो आणि इकेगाया ह्या दोघांनी २०१५ मध्ये उंदरांवर केलं, उंदरांच्या पापण्या शिवून त्यांना दिसेनासं केलं, डोक्यावर फोनमध्ये असते तसली होकायंत्राची चिप बसवली आणि तिच्या तारा थेट मेंदूच्या दृष्टीच्या भागात नेल्या. थोड्याच दिवसांत ते उंदीर भुलभुलैयात खाऊ शोधायला डोळस उंदरांच्या जवळपास शिकले. हे वाचून मी रात्रभर झोपलो नाही, कारण ह्याचा अर्थ असा की मेंदूला नवीन दिशा-जाणीव दिली तर तो ती वापरायला शिकतो. पण ते उंदीर आहेत, माणसाच्या डोक्यात असलं काही बसवणारं दुकान अजून कुठं नाही.

ह्या सगळ्यात मामांच्या कामाची गोष्ट मला सापडली ती कातडीबाहेरची. जर्मनीतल्याच ओस्नाब्रुक विद्यापीठात पीटर कोनिग यांच्या गटानं २००५ मध्ये एका कमरपट्ट्याचा प्रयोग छापला, पट्ट्याला चारी बाजूनी व्हायब्रेशन मोटर, आणि उत्तरेकडची मोटर कायम थरथरत राहते. माणूस वळला की थरथर कमरेभोवती फिरते. लोकांनी सहा आठवडे घातला आणि त्यातल्या काहींना नंतर थरथर थरथर वाटेनाशी झाली, फक्त दिशा वाटायला लागली. पुढं फीलस्पेस नावानं त्यांनी अंध लोकांसाठी पट्टा विकायलाही काढला. छातीवरचं यंत्र फक्त उत्तरेला तोंड झाल्यावर बोलतं. पट्टा कायम बोलतो, उत्तर तुझ्या डाव्या बरगडीखाली आहे, आता पाठीमागं गेली. मैदानावर हरवलेल्या माणसाला हे पट्ट्यासारखंच पाहिजे.

मी मामांना म्हटलं, आधी बाहेरून करून बघू, उपयोग झाला तर आत घालायचं बोलू. मामा नाखुशीनं हो म्हणाले. मामींनी आतूनच ओरडून सांगितलं, "मी सांगतो तुला, ह्यांच्या अंगात काय बी घालायचं न्हाई."

पट्टा बनवायला सामान फारसं लागलं नाही. आठ नाण्याएवढ्या व्हायब्रेशन मोटर, एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, लिथियम सेल, चार्जिंग मॉड्यूल आणि मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राची चिप, पुढं सेन्सर म्हणतोय तो हाच. मॅग्नेटोमीटरची एक टीप देतो, ऑनलाइन एचएमसी ५८८३ म्हणून जे बोर्ड मिळतात त्यावर बऱ्याचदा क्यूएमसी ५८८३ चिप असते, ॲड्रेस वेगळा, रजिस्टर वेगळे, जुनी लायब्ररी टाकली तर काहीच वाचत नाही, माझा एक रविवार त्यात गेला. मामांची कंबर ३६ इंच, म्हणजे दर साडेचार इंचावर एक मोटर. काही लोक असला पट्टा घोट्याला बांधतात, पण शुगरमुळं मामांच्या पायांची जाणीव कमी झालीय, घोट्याला मोटर लावून बघितली तर त्यांना कळतच नव्हती. कमरेला लगेच कळली. शुगरवाल्यांसाठी करणार असाल तर हे आधी तपासा.

पहिला पट्टा बांधून बघितला आणि सगळंच चुकलं. उत्तर कुठंही दाखवत होता. कारण साधं होतं, मोटरमध्येच मॅग्नेट असतं आणि मी सेन्सर पट्ट्यावरच, दोन मोटरच्या मध्ये लावला होता. कॅलिब्रेशन करून ती चूक वजा करता येते, पण पट्टा कापडी, माणूस बसला की वाकतो, अंतरं बदलतात आणि कॅलिब्रेशन जातं. म्हणून सेन्सर वर नेला, मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये, बनियनला आतून खिसा शिवून. आता बऱ्यापैकी आलं पण तरी वीस-पंचवीस अंशांचा फरक राहतच होता आणि तो एकसारखा नव्हता. मी कोडमध्ये शोधत बसलो. दोन आठवडे.

तो फरक मामांनी शोधला. सेन्सरची डबी हातात घेऊन त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, चारी कोपऱ्यांवर थांबले, मग मामींना म्हणाले कपाटाच्या दाराचं ते मॅग्नेट दे. ते डबीच्या कोपऱ्याजवळ नेलं, टक् करून चिकटलं. "लोखंडी इस्क्रू लावलायस व्हय रं? होकायंत्राला?" मला खरंच काही बोलता येईना. चार बारके लोखंडी स्क्रू, सेन्सरपासून सेंटिमीटरभर लांब. मामा म्हणाले पॅटर्नच्या दोन अर्ध्या जोडायला आयुष्यभर पितळी डॉवेल, म्हणजे जोडायच्या खुंट्या, वापरल्या, आण तसल्याच. मग त्यांनीच डबी करायला घेतली. जुन्या शेडमधल्या पोराकडून सागवानाचे तुकडे कापून आणले, बाकी कानशीनं घासणं, पॉलिशपेपर मारणं, झाकण बसवणं हे सगळं स्वतः, बोटांनी. झाकण असं बसलं की हवा सुद्धा दाबून बाहेर पडायची, उघडताना फस् असा आवाज येतो. तीस वर्षांचा हात आहे तो, नजर जाऊन त्याचं काही बिघडलेलं नाही. आणि त्या दिवसापासून हा पट्टा माझा राहिला नाही, आमचा झाला.

लोखंडाचं सांगायचं तर ह्यात एक आपल्याच मातीतली गोष्ट आहे जी शाळेत शिकवायला पाहिजे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून होती. मुंबईत विजेवर ट्राम सुरू करायचं ठरलं, त्या करंटमुळं मोजमाप बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं, आणि तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. आजही ती चालू आहे. आमचं कोल्हापूर तर फौंड्रीचं गाव, लोखंड ओतणारं. इथं होकायंत्र घेऊन फिरायचं म्हणजे काय ते आता सांगतो.

फेब्रुवारी ते मे, रोज सकाळी. गांधी मैदानावर पट्टा सुंदर चालला. पहिल्या दिवशी काठीशिवाय काहीच आधार न घेता मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं निघाले तर पन्नास-साठ पावलांत डावीकडं वळायचे, प्रत्येक वेळी डावीकडंच. पट्टा लावल्यावर थरथर बेंबीवरून सरकली की लगेच सुधारायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि एकटे गेले, परत आले. मैदानाच्या मधोमध मुद्दाम स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि मग घराच्या दिशेला हात करून दाखवला. बरोबर होता. मी त्या वेळी तोंड फिरवलं, त्यांना दिसणार नव्हतं तरी.

आपल्याकडं एक फायदाही आहे. जर्मनीसारख्या उत्तरेकडच्या देशात चुंबकीय रेषा जमिनीत चांगल्याच तिरक्या घुसतात, आपल्याकडं त्या बऱ्याच आडव्या असतात, त्यामुळं दिशा दाखवणारा आडवा भाग तिथल्यापेक्षा जवळपास दुप्पट मिळतो आणि सेन्सर थोडा वाकडा झाला तरी चूक कमी होते. मामा वाकून चालतात, तरी चाललं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर ह्यातही कोल्हापुरात जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, त्याचा विचारच करायला नको.

रंकाळ्यावर अजून वेगळं झालं. तळ्याच्या काठानं चालत होतो, मामा एकदम थांबले आणि म्हणाले, तळं वळतंय. मी म्हटलं कसं कळलं. "उत्तर हळूहळू माझ्या पोटावरनं कुशीत चाललीया, म्हणजे आपण वळतोय." लहानपणापासून रंकाळ्यावर जाणारा माणूस, त्याला आत्ता ६१ व्या वर्षी तळ्याचा आकार कमरेला कळला. त्यानंतर आठवडाभर तेच बोलत होते, कुठली गल्ली सरळ वाटायची पण वाकडी आहे, कुठला रस्ता खरं तर तिरका जातो.

महाद्वार रोडवर मात्र पट्टा रडला. दोन्ही बाजूला लावलेल्या गाड्या, दुकानांची शटर, विजेचे खांब, सात-आठ पावलांत उत्तर एकदा इकडं एकदा तिकडं. पण इथं मामांनीच युक्ती काढली. अंबाबाई पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तर किरणोत्सवात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन आधी पायावर, मग छातीवर, मग मुखावर जातात. म्हणजे महाद्वारातून देवीकडं तोंड केलं की आपण पूर्वेला बघतो. "आई समोर, उत्तर डाव्या हाताला, तिकडं जोतिबा. पट्टा येडा झाला तर मी आईला विचारतो." जोतिबाचा डोंगर खरा वायव्येला, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. आत दर्शनाला जाताना पट्टा काढून माझ्याकडं द्यायचे, मेटल डिटेक्टरला वायरी आणि सेल दाखवत कुठं बसायचं.

एसटीत, रिक्षात पट्टा निव्वळ खोटं बोलतो, सगळी बॉडी पत्र्याची. तिथं बंद करायचा.

सवयीचं सांगतो. पहिला आठवडा नुसता वैताग, सतत गुईं गुईं, एकाच जागी थरथर राहिली की ती जागा बधिर होते. मग मी सलग थरथर बंद करून सेकंदाला एक छोटा ठोका केला आणि माणूस वळला की ठोके भरभर. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले ठोका लक्षात येत नाही पण बंद केला तर कळतं काहीतरी गेलंय. आपल्या मेंदूत डोकं कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या पेशी मुळातच असतात, जागा आणि अंतर ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाला तर २०१४ मध्ये नोबेल मिळालं, जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर, जे त्या वेळी पती-पत्नी होते. यंत्रणा आत आहेच. मामांच्या बाबतीत तिला बाहेरून मिळणारी खूण तुटली होती.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना एप्रिलमध्ये मामांनी परत तोच विषय काढला, छातीवरचं यंत्र. मला राग आला खरं तर, एवढी मेहनत केली आणि परत तेच. पण त्यांनी जे सांगितलं ते मी इथं लिहिलं नाही तर ही केस अर्धवट राहील. म्हणाले, पट्टा सकाळी मी बांधतो तेव्हा माझ्याजवळ दिशा असती, आंघोळीला काढला की गेली, रात्री काढून खुंटीला टांगला की गेली. डोळस माणसाला डोळे काढून ठेवावे लागत न्हाईत. आणि मार्चमध्ये एका रात्री बाथरूमला उठले, झोपेत कूस कुठल्या बाजूला बदलली ते कळलं नाही, उलट्या बाजूनं उतरले आणि कपाटावर आपटले, कपाळाला तीन टाके पडले. घरात, स्वतःच्या खोलीत. "मैदानापेक्षा ही जास्त लाजिरवाणी गोष्ट हाय."

त्यांची मागणी हट्टाची नव्हती. कधीच काढावी लागणार नाही अशी दिशा पाहिजे होती त्यांना. मी ती गंभीरपणे घेतली आणि आम्ही दोघं त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी हसून उडवून लावलं नाही त्याबद्दल मी आभारी आहे. त्यांनी सांगितलं की शुगर अशी असताना कातडीत कायमची भोकं ठेवणं म्हणजे रोज एका जखमेची काळजी घेणं, आणि स्वतःला ती जखम दिसत नाही, लाल झाली का पू आला का हे दुसऱ्यानं सांगायचं. पूर्ण आत बसवायचं म्हटलं तर बसवण्यासारखं मान्यता असलेलं यंत्रच नाही.

बॅटरीचा हिशोब मी मांडला. मामांच्या मित्राला पेसमेकर आहे, तो वर्षानुवर्षं चालतो, मग हे का नाही असं ते विचारत होते. पेसमेकर मायक्रोॲम्पियरमध्ये करंट घेतो. आपली नाण्याएवढी मोटर चालू असताना साठ-सत्तर मिलीॲम्पियर घेते, हजारो पट. ठोके देऊन कितीही वाचवलं तरी आतला सेल रोज बाहेरून कॉइल लावून चार्ज करावा लागणार, म्हणजे शेवटी काहीतरी बांधून बसायचंच. आणि यंत्र बिघडलं तर? चार महिन्यांत मी कोड किती वेळा बदलला, सेन्सर दोनदा बदलला, हे सगळं छातीच्या आत असतं तर दर वेळी टेबलावर झोपायला लागलं असतं. इंप्लांट करणारी कंपनीच उद्या बंद झाली तर तो माणूस कुणाकडं जाणार, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खातो.

पण ज्यानं मामांचं मन बदललं ते ह्यातलं काही नव्हतं. मी एका रात्री पट्टा त्यांना बांधूनच झोपवलं आणि दोन वाजता उठवलं. म्हटलं आता उत्तर सांगा. पट्ट्यानं उत्तर दाखवली थेट लोखंडी कपाटाकडं, खरी उत्तर पायथ्याशी होती. पलंगही लोखंडी, वर स्लॅबमध्ये सळ्या. एका कुशीवर एक उत्तर, दुसऱ्या कुशीवर दुसरी. मामा बराच वेळ गप्प बसले. कातडीच्या वर असो नाहीतर खाली, चुंबक ते चुंबकच, जिथं त्यांना सगळ्यात जास्त गरज होती तिथंच ते फसणार होतं. इंप्लांट करून घेऊन हे कळलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, नको. उद्या लोखंडानं न फसणारं, शुगर असलेल्या माणसाला झेपणारं काही निघालं तर आणि त्यांनी परत मागितलं तर मी परत डॉक्टरांकडं घेऊन जाणार, हे मी त्यांना सांगितलंय आणि मामींच्या समोर सांगितलंय.

रात्रीचं असं केलं. आपल्याकडं उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, मामाही दक्षिणेला डोकं करून झोपतात, म्हणजे पाय आपोआप उत्तरेला. पायथ्याच्या भिंतीवर आजोबांचं चावीचं घड्याळ दुरुस्त करून लावलं. टिक टिक जिकडून येते ती उत्तर, तिच्याकडं तोंड करून बसलं की उजव्या हाताला बाथरूम. त्या बाजूला पलंगालगत काथ्याची पट्टी टाकली, पायाला खरखर लागली की बाजू बरोबर. लोखंडी पलंग काढून लाकडी आणला, कपाट दुसऱ्या खोलीत गेलं. चावी दर रविवारी मामा स्वतः देतात, आणि मामींची झोप पहिले चार दिवस त्या आवाजानं मोडली हेही सांगितलं पाहिजे. त्यानंतर ते रात्री एकदाही आपटलेले नाहीत.

दिवसा पट्टा आहेच. काठी सुटलेली नाही, सुटायलाही नको, खड्डा अजून काठीच सांगते. आता पावसात गांधी मैदानावर पाणी साठलंय म्हणून फिरणं बंद आहे, तेवढ्यात मामांनी दुसरी डबी करायला घेतलीय, ह्या वेळी आकारानं निम्मी, कारण पहिली बनियनमध्ये टोचते. मोटर सोळा पाहिजेत म्हणतात, आठांत दोन ठोक्यांच्या मधली दिशा अंदाजानं धरावी लागते. मोटर मी मागवल्यात, पितळी स्क्रू सहाच उरलेत, उद्या उद्यमनगरात जाऊन आणायचेत.